भोजनाची मात्रा



धम्म केवळ वंदनेत आणि पौर्णिमेच्या कार्यक्रमात नाही. आपण ताटावर कसे बसतो, यातही तो आहे.

संयुक्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची कथा आहे. हा राजा द्रोणभर तांदळाचा भात खाई. एकदा असाच जेवून तो धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपवास सांगितला नाही की त्याचा धिक्कारही केला नाही. जो सावध राहून भोजनाची मात्रा ओळखतो त्याचे दुखणे कमी होते, एवढाच बोध केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करावयास लावली. अट्ठकथा सांगते की, शेवटच्या घासाशी सुदस्सन गाथा म्हणे, राजा तो घास सोडी आणि पुढच्या वेळी तितकेच तांदूळ कमी शिजत. असे करता करता राजा नाळीभर भातावर स्थिरावला.

आपल्या घरांत हा विषय नाजूक आहे. आपल्या आजी-आजोबांच्या वाट्याला शिळेपाके आले. भरलेले ताट हा आपल्याला मान वाटतो, आणि ते योग्यच आहे. परंतु पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील माता-बालकांचा अभ्यास केला. तेथील बाळे वजनाने लहान, पण त्या मानाने चरबी अधिक, असे त्यांना आढळले. अशा देहाला पुढे मुबलक अन्न मिळाले की मधुमेहाचा धोका वाढतो, असे ते सांगतात. म्हणून अंग बारीक दिसले तरी निर्धास्त राहू नका. कमरेचा घेर पुरुषाचा ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हा.

आता मात्रा किती? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या हिशोबाने बैठे काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,११० आणि ५५ किलोच्या स्त्रीला १,६६० उष्मांक लागतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक असतात. रोज ३०० कमी केले तर महिन्याला साधारण किलोभर वजन उतरते. माजिवड्याच्या नाक्यावर उभ्या-उभ्या खाल्लेला एक वडापाव जवळजवळ तेवढाच भरतो. साखरेचा चमचा वीसाचा, तेलाचा मोठा चमचा सव्वाशेचा. वजाबाकी येथे करा. डाळ, उसळ, अंडी, भाजी यांत करू नका. वजन उतरले की देहाची गरजही घटते आणि वेग मंदावतो. त्याने खचू नका.

आठवडाभर लिंबूपाण्यावर राहणे हा मार्ग नव्हे. सिद्धार्थ गौतमांनी देहदंड करून पाहिला, शरीराचा सांगाडा झाला, आणि त्यांनी तो सोडून दिला. वर्षानुवर्षे पाळता येईल तीच खरी मात्रा. गरोदर स्त्रिया, वाढती मुले आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणारे यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही कमी करू नये.

भगिनींनो, उरलेले वाया जाऊ नये म्हणून शेवटी तुम्हीच ते संपवता. त्यापेक्षा उद्या मूठभर तांदूळ कमी घ्या. आणि बंधूंनो, ताटावर एकमेकांना प्रेमाने आठवण द्या. मात्र कोणाच्या अंगाची थट्टा करू नका. सुदस्सनाने राजाला हसून नव्हे, बोध आठवून देऊन वाचवले.

नमो बुद्धाय! जयभीम!