म्हातारीला बसवून ठेवणे हा मान होय काय?

"आई, तू जन्मभर कष्ट केलेस, आता स्वस्थ बस," असे म्हणून मुलगा आपल्या वृद्ध मातेच्या हातची घागर काढून घेतो, आणि शेजारीपाजारी त्या घराची वाखाणणी करितात. ह्या कृतीत प्रीती आहे, ह्यात संशय नाही. परंतु, वाचकहो, आपण जे देतो त्याने घेणाऱ्याचे हित होते किंवा नाही, हे प्रीतीनेही तपासून पाहावयास नको काय?

अमेरिकेत क्रिस्टीन याफे ह्या विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी ६५ व त्याहून अधिक वयाच्या ५,९२५ स्त्रियांची पाहणी केली. आरंभी त्या सर्वांची बुद्धी शाबूत होती. प्रत्येकीचे आठवड्याचे चालणे किती, हे विचारून घेतले, आणि सहा ते आठ वर्षांनी त्यांच्या बुद्धीची पुन्हा परीक्षा केली. सन २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा: सर्वांत कमी चालणाऱ्या चतुर्थांशात शेकडा २४ जणींची बुद्धी उतरली होती, सर्वांत अधिक चालणाऱ्यांत शेकडा १७ जणींची.

ह्यावर कोणी म्हणेल, "ज्यांची बुद्धी आतून मंदावू लागली होती, त्याच कमी चालत असतील." हा आक्षेप रास्त आहे. शिवाय, सन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ७० ते ८९ वर्षांच्या १,६३५ स्त्रीपुरुषांपैकी काहींना दोन वर्षे व्यायाम दिला व इतरांना केवळ आरोग्याचे शिक्षण दिले. शेवटी दोन्ही वर्गांच्या बुद्धीत भेद आढळला नाही. म्हणून चालणे हे विस्मृतीवरील खात्रीचे औषध आहे, असे सांगणे सत्यास धरून होणार नाही. तथापि चालण्याने पायांतील बळ टिकण्यास व रक्ताचा दाब आटोक्यात राहण्यास साहाय्य होते; आणि वाढलेला दाब मेंदूच्या रक्तवाहिन्यांस अपाय करितो, हे तर निश्चित आहे.

मग आपले कर्तव्य कोणते? कोणी सून ह्या लेखाचा आधार घेऊन सासूच्या डोक्यावर मोळी देईल, तर तो अन्याय होय. ओझे लादणे निराळे आणि हालचाल राखणे निराळे. परंतु तिला न विचारता तिचे सर्व काम काढून घेणे, हाही एक प्रकारचा अन्यायच आहे. कारण त्यात तिची इच्छा, तिचा अधिकार आणि कदाचित तिची शक्तीही आपण हिरावून घेतो. पुष्कळदा तर ती हळू चालते म्हणून आपल्यालाच खोळंबा होतो, आणि त्या अधीरतेला आपण मान असे नाव देतो!

ह्यास्तव आपल्या आईला प्रथम विचारा. ती येते म्हणाली, तर सायंकाळी तिच्यासंगे विहिरीपर्यंत चाला. मात्र आपल्या पावलाने नव्हे, तिच्या पावलाने.