सोबत चढू या, सोबत उतरू या
(उपवासकाळाचा दुसरा रविवार : मत्तय १७:१-९)



दरवर्षी उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी ख्रिस्तसभा आपल्याला प्रभूच्या रूपांतराचे शुभवर्तमान ऐकवते. प्रभू येशू पेत्र, याकोब आणि योहान या तिघा सोबत्यांना घेऊन उंच डोंगरावर जातो. तेथे त्याचे रूप पालटते, मोशे आणि एलिया त्याच्याशी बोलताना दिसतात आणि मेघातून पित्याची वाणी होते.

हा डोंगर कोणता, हे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. परंपरेने तो ताबोर मानला जातो. ताबोरची उंची ६०० मीटरपेक्षाही कमी आहे आणि आपले चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आहे! मेळघाटच्या माणसाला ताबोर चढणे मुळीच जड जाणार नाही. काही अभ्यासक २,८०० मीटरहून उंच असलेल्या हर्मोन पर्वताचे नाव घेतात. ते काहीही असो. आज मला तुमच्याशी डोंगराच्या उंचीपेक्षा डोंगरावरच्या सोबतीविषयी बोलायचे आहे, आणि त्यासाठी माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत होतो. सुटीत आम्ही सहा मित्र कळसूबाई चढायला गेलो. महाराष्ट्रातले हे सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. बारी गावातून वाट निघते. अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. पहिल्या शिडीच्या अलीकडेच आमच्यातल्या एकाला धाप लागली. त्याला दम्याचा त्रास होता, आणि ते आम्हाला ठाऊक होते. मी सर्वांत पुढे होतो. मागे वळून म्हणालो, "तू बस इथेच, आम्ही जाऊन येतो." तो काही बोलला नाही. आम्ही पाचजण वर गेलो, देवळाजवळ उभे राहिलो, भंडारदऱ्याचे पाणी पाहिले, फोटो काढले.

दोन-अडीच तासांनी खाली आलो, तेव्हा तो एका दगडावर बसला होता. शेजारी ताक विकणारी एक म्हातारी आजी होती. तिने आपले ताक त्याला पाजले होते आणि धंदा सोडून ती त्याच्याजवळ बसून राहिली होती. आम्हाला पाहून ती म्हणाली, "तुमचाच ना हा पोरगा? मग असा एकटा का टाकला?"

गंमत म्हणजे त्याच वर्षी आम्ही ॲरिस्टॉटलचे मैत्रीविषयीचे विवेचन शिकलो होतो. मैत्री तीन प्रकारची : उपयोगापुरती, मौजेपुरती, आणि समोरच्याचे भले व्हावे म्हणून केलेली. परीक्षेत मला त्या प्रश्नाला चांगले गुण मिळाले. कळसूबाईच्या वाटेवर मात्र मी नापास झालो आणि कधी शाळेची पायरी न चढलेली ती आजी उत्तीर्ण झाली.

बंधू-भगिनींनो, आता प्रभूचा डोंगर पाहू या.

पहिली गोष्ट. प्रभू एकटा चढला नाही. प्रार्थनेसाठी तो पुष्कळदा एकटा जाई, पण या दिवशी त्याने सोबती घेतले. ते काही थोर साधक नव्हते. त्यांना झोप आवरत नव्हती, असे संत लूक सांगतो. पेत्राला काय बोलावे ते सुचत नव्हते. वाणी ऐकून तिघेही घाबरून पालथे पडले. तेव्हा प्रभूने काय केले? संत मत्तय एक लहानशी गोष्ट नोंदवतो : प्रभू त्यांच्याजवळ गेला आणि त्याने त्यांना स्पर्श केला. एवढ्या तेजात असतानाही पडलेल्या सोबत्यांकडे त्याचे लक्ष होते.

दुसरी गोष्ट. पेत्राला तेथेच तीन मंडप घालून राहावेसे वाटले. आपल्यालाही असेच वाटते. मिस्सा सुंदर झाली, गायन छान झाले, मन शांत झाले. आता घरच्या कटकटी नकोत. पण प्रभू त्यांना खाली घेऊन आला. पायथ्याशी काय होते? फेफऱ्याने पछाडलेला एक मुलगा, गुडघे टेकून विनवणारा त्याचा बाप, आणि काहीच करू न शकलेले बाकीचे शिष्य. प्रसिद्ध चित्रकार राफाएल याने १५२० साली मरण्यापूर्वी रंगवलेले रूपांतराचे चित्र व्हॅटिकनमध्ये आहे. त्याने वर तेजस्वी ख्रिस्त आणि खाली तो आजारी मुलगा, दोन्ही एकाच चित्रात दाखवले आहेत.

तिसरी गोष्ट. पुढे गेथशेमानी बागेत प्रभूने याच तिघांना जवळ नेले. ज्यांनी तेज पाहिले, त्यांनाच त्याच्या वेदनेच्या रात्री सोबत करायची होती. तेथेही ते झोपले. तरी प्रभूने त्यांना सोडले नाही.

गेल्या वर्षी, ७ सप्टेंबर २०२५ रोजी, पोप लिओ चौदावे यांनी पिएर जॉर्जो फ्रासाती या तरुणाला संतपद दिले. इटलीतील तुरीन शहरात १९०१ साली जन्मलेला हा श्रीमंत घरचा मुलगा. वडील वृत्तपत्राचे मालक. त्याला गिर्यारोहणाचे वेड होते. मित्रमैत्रिणींचा मेळा घेऊन तो आल्प्स पर्वतात जाई आणि तेथे त्यांच्याबरोबर प्रार्थना करी. पण डोंगरावरून उतरला की त्याची पावले गरिबांच्या वस्तीकडे वळत. १९२५ साली अवघ्या २४व्या वर्षी पोलिओने त्याचा मृत्यू झाला. हा रोग त्याला आजारी गरिबांच्या सेवेत जडला असावा, असे मानतात. मरणाच्या आदल्या दिवशी लुळ्या पडत चाललेल्या हाताने त्याने एका गरीब रुग्णाच्या औषधासाठी चिठ्ठी लिहिली. अंत्यविधीला रस्ते गरिबांनी भरून गेले, तेव्हा कुठे घरच्यांना कळले की आपला मुलगा कोणाचा मित्र होता.

प्रियजनहो, आपण तर डोंगरातच राहतो. १९९०च्या दशकापासून आपल्या मेळघाटचे नाव बालकांच्या कुपोषणामुळे सगळीकडे गेले. शुभवर्तमानातला तो बाप आजही आपल्या पाड्यावर उभा आहे. तापाने फणफणलेले मूल कडेवर घेऊन एखादी आई आधी भुमकाकडे जाते, दवाखान्याला घाबरते. तिला बोल लावणे सोपे आहे. "ताई, मी येतो तुमच्यासोबत," असे म्हणून तिच्याबरोबर धारणीच्या दवाखान्यापर्यंत जाणे, तेथे चिठ्ठी काढणे, डॉक्टरांचे बोलणे तिला कोरकूत समजावून सांगणे, रात्री तिच्यासाठी भाकरी नेणे, हे खरे डोंगरावरून उतरणे.

होळी तोंडावर आली आहे. कामासाठी बाहेरगावी गेलेले आपले कोरकू शेजारी सणासाठी घरी परततील. प्रत्येक कुटुंबाने या आठवड्यात एका घरी जावे. कोणाचे मूल अशक्त दिसते, कोण आजारी आहे, कोण एकटे पडले आहे, हे प्रेमाने विचारावे. उपवासाने वाचलेले धान्य त्या घरी पोहोचवावे. आपल्याच घरातही पाहावे. आपल्या वेगाने चालता येत नाही म्हणून वाटेत कोणाला बसवून आलो आहोत का? म्हातारी आई, परीक्षेत मागे पडलेला मुलगा, रुसलेला भाऊ?

माझा तो मित्र पुढे सेमिनरी सोडून गेला. कारणे वेगळी असतील. मी कधी विचारले नाही, हीच माझी चूक. यंदा राखेच्या बुधवारी दुसऱ्यांच्या कपाळाला राख लावताना मला तो आठवला. संध्याकाळी त्याला फोन केला आणि क्षमा मागितली. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "अरे, मला तर त्या आजीचं ताकच आठवतं. पण बरं झालं फोन केलास." आम्ही तासभर बोललो.

तुमच्याही मनात एखादे नाव आले असेल. पुढच्या रविवारपर्यंत थांबू नका.

हे प्रभू येशू, तू पडलेल्या सोबत्यांना स्पर्श करून उठवलेस. आम्हालाही उठव, आणि मागे राहिलेल्यांसाठी थांबायला शिकव. आमेन.

– आपला धर्मगुरू