पथ्य आणि सोवळं

गेल्या वर्षभरात माझं वजन ९४ किलोवरून ८१ वर आलं. ऑफिसात ते पहिल्यांदा एका सहकाऱ्याच्या लक्षात आलं, लंच टेबलवर. "नॉनव्हेज सोडलंस ना? बघ, चेहऱ्यावर कसं तेज आलंय. शरीर शुद्ध होतं रे."

मी नुसता हसलो. हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. त्या दिवशी माझ्या डब्यात लाल माठाची भाजी होती आणि त्यात मूठभर जवळा. झाकण अर्धं लावून मी डबा हळूच स्वतःकडे ओढून घेतला.

तो ओढलेला डबा अजून मनातून जात नाही. भाज्या खाऊन तब्येत सुधारली हे खरं. पण म्हणून मी आधीपेक्षा चांगला माणूस झालो का? आणि तसं कुणी म्हणत असताना गप्प बसून मी नेमकं कुणाला खोटं पाडलं?

मी ट्रॉम्बे कोळीवाड्यातला. आईचं उभं आयुष्य मासळीच्या टोपलीवर गेलं. तिला डायबेटिस निघाला तेव्हा एका डॉक्टरांनी रिपोर्टवरून नजर न उचलता सांगितलं, "तुम्ही लोक मासे फार खाता. शाकाहारी व्हा." घरी येताना रिक्षात ती एवढंच बोलली, "मावरं सोरून मी काय पाला खाऊ?" त्यानंतर सहा महिने ती कुठल्याच डॉक्टरकडे गेली नाही. गोळ्याही बंद. साखर वाढत राहिली.

त्या सल्ल्यातला निम्मा भाग बरोबर होता. आमच्या ताटात भाजी खरंच नव्हती. पण 'तुम्ही लोक' हे दोन शब्द त्यात मिसळले आणि औषधासकट सगळंच फेकलं गेलं.

पुढे माझीही साखर सीमारेषेवर आली, तेव्हा आम्ही एका आहारतज्ज्ञ ताईंकडे गेलो. त्यांनी माशांबद्दल विचारलंच नाही. "दिवसभरात भाजी किती खाता?" एवढंच विचारलं. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं खायला सांगते, आणि त्यात बटाटा धरत नाही. घरी येऊन आईने मासळीचा तराजू काढला आणि आमच्या वाटणीची भाजी त्यात टाकली. काटा जेमतेम हलला. उलट भाकऱ्या तीन, वर भाताचा डोंगर, संध्याकाळी वडापाव आणि साखरेचा चहा. यातला वडापाव आणि चहा तर शुद्ध शाकाहारी!

गंमत बघा, 'शाकाहार' या शब्दात शाक म्हणजे भाजी आहे. पण साबुदाणा खिचडी, फरसाण, जिलेबी, शंकरपाळे यांत शाक कुठे आहे? तरी हे सगळं सात्त्विकाच्या रांगेत बसतं आणि शेवग्याच्या शेंगा घालून केलेलं सुक्या बोंबलाचं कालवण बाहेर उभं राहतं. शरीराला ही रांग कळत नाही. भाजीत पाणी आणि तंतू जास्त, उष्मांक कमी. त्यामुळे पोट भरतं आणि साखर हळू चढते. शरीराचा हिशोब एवढाच.

आपल्या भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. पथ्य आणि सोवळं. पथ्य शरीरासाठी असतं. ते मोडलं तर त्रास होतो, पाप लागत नाही. सोवळं दुसऱ्यापासून वेगळं राहण्यासाठी असतं. त्याला कुणीतरी ओवळं लागतंच. माझ्या सहकाऱ्याने माझ्या पथ्याला सोवळं नेसवलं, आणि मी ते नेसवू दिलं.

शरीराकडे बघून माणसाचं चारित्र्य वाचायची खोडही यातलीच. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसातही चरबी लपलेली असू शकते. मग जाड माणूस आळशी आणि बारीक माणूस संयमी, हा निकाल आपण कशाच्या जोरावर देतो?

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. प्राण्यांच्या वेदनेचं काय? समुद्रातल्या घटत्या मासळीचं काय? हे प्रश्न नैतिकच आहेत आणि कोळ्याच्या पोराने ते टाळू नयेत. मासळी घटली तर पहिली चूल आमचीच विझते. पण हे प्रश्न जीवांबद्दलचे आहेत, शुद्धतेबद्दलचे नाहीत. मासे खाण्याविरुद्ध युक्तिवाद करा, मी ऐकेन. मासे खाणाऱ्याकडे बघून नाक मुरडणं हा युक्तिवाद नव्हे.

आणि जबाबदारी एकट्या जिभेचीही नाही. ट्रॉम्बे ज्या एम-पूर्व वॉर्डात येतं, तो २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात शहरात सर्वांत तळाला होता. जिथे पाणी भरण्यात सकाळ जाते, तिथे पालेभाजी निवडायला, तीनदा धुवायला वेळ कुणाकडे असतो? तिथे वडापाव ही चैन नसते, सोय असते.

आमच्या घरी उपाय सापडला तो आजीच्या स्वयंपाकात. माठात जवळा, दुधीत सुकट, वांग्यात बोंबील. भाजी मुख्य, मासा चवीपुरता. सुकी मासळी खारट, म्हणून आई ती आता दोनदा धुते. मूग, चवळी, उडीद आठवड्यातून चारदा. उडदाची टीएयू-१ ही जात १९८५ मध्ये महाराष्ट्रासाठी आली. नावातला 'टी' ट्रॉम्बेचा, 'ए' अकोल्याचा. आमच्या शेजारच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अकोल्याच्या कृषी विद्यापीठासोबत ती तयार केली. हे कळल्यावर आई म्हणाली, "म्हंजे डालपन आपल्याच गावची!"

आईची साखर आता बरीच आटोक्यात आहे. गोळ्या चालू आहेत. टोपलीही चालू आहे.

गेल्या आठवड्यात डब्यात पुन्हा जवळा होता. मी झाकण पूर्ण काढलं आणि त्या सहकाऱ्याला सांगितलं, "मासे सोडले नाहीत रे. भाकऱ्या कमी केल्या, भाजी वाढवली." तो "अच्छा" म्हणाला आणि खुर्ची जराशी मागे सरकवली. वास आवडत नसेल, तो त्याचा हक्क. डबा मात्र मी टेबलाच्या मध्येच ठेवला. हे वर्षभरापूर्वीच करायला हवं होतं.