अर्धा किलो मैद्याचे सोळा पाव

गोड पाव एकट्यापुरता करता येत नाही. कुणाची बंदी आहे असं नाही. पण अंडं अर्धं करून वापरणं जिवावर येतं, ओव्हन चार पावांसाठी जेवढा तापवावा लागतो तेवढाच सोळांसाठी, आणि मूठभर पीठ मळताना हाताला काही लागतच नाही. अर्धा किलो मैदा घेतला तर जमतं. त्याचे साठ-साठ ग्रॅमचे सोळा पाव होतात. घरात माणसं तीन. सकाळी आठच्या सुमारास पावांचा ट्रे ओट्यावर आला की चवीचं कौतुक दोन मिनिटांत आटोपतं आणि मग खरा प्रश्न उभा राहतो: उरलेल्यांचं काय करायचं?

मला वाटतं, हा प्रश्न या पावात पहिल्यापासूनच मळलेला आहे.

हा पाव पोर्तुगीज बेटांवरचा. लिस्बनच्या पश्चिमेला सुमारे दीड हजार किलोमीटरवर, अटलांटिक महासागरात ज्वालामुखींतून वर आलेली अझोर्सची नऊ बेटं आहेत. तिथे याला ‘मासा सोवाडा’ म्हणतात. मैदा, दूध, लोणी, अंडी, साखर आणि पुष्कळदा लिंबाची किसलेली साल. रोजच्या जेवणातला पाव वेगळा, साधा, बऱ्याच घरी मक्याच्या पिठाचा. अंडी, लोणी आणि साखर एकाच पिठात घालायची चैन शेतकऱ्याच्या घरी सणालाच परवडायची, म्हणून हा सणाचा पाव. ईस्टरला याच पिठात अख्खं अंडं, कवचासकट, बसवून भाजतात. त्याला ‘फोलार’ म्हणतात, आणि पोर्तुगालमध्ये ईस्टरला धर्मपित्याने आपल्या धर्मपुत्राला फोलार द्यायचा अशी जुनी रीत आहे. म्हणजे हा पाव करायचा तोच दुसऱ्याच्या हातात ठेवण्यासाठी.

पण त्याचा मोठा सण ईस्टरनंतरचा. ईस्टर ते पेन्टेकॉस्ट या सात आठवड्यांत अझोर्समध्ये पवित्र आत्म्याचा उत्सव चालतो. गावातल्या कुणा साध्या माणसाच्या, कित्येकदा लहान मुलाच्या, डोक्यावर चांदीचा मुकुट ठेवतात आणि त्या दिवसापुरता तो सम्राट होतो. तेर्सेरा बेटावर या उत्सवासाठी बांधलेली छोटी, भडक रंगांची प्रार्थनाघरं रस्त्यारस्त्यावर दिसतात. हा सम्राट ना लढाई करतो ना कर गोळा करतो. त्याच्या नावाने लोकांना जेवू घालायचं, एवढंच. पावाच्या तुकड्यांवर मांसाचा रस्सा ओतलेलं ‘सोपाश’, सोबत गोड पाव आणि वाइन. आणि पान येईल त्याच्यासाठी. अशा दिवशी पाव मोजून करत नाहीत.

या प्रथेचा धागा राणी इझाबेलपर्यंत नेतात. ती पोर्तुगालच्या दिनिश राजाची राणी (1271–1336), पुढे संतपदाला पोचलेली. तिची आख्यायिका अशी: ऐन थंडीत ती गरिबांसाठी वस्त्रात पाव लपवून निघाली. राजाने वाटेत अडवलं, विचारलं, काय नेतेस? ती म्हणाली, गुलाब. वस्त्र उघडलं तर खरोखरच गुलाब. चमत्कार म्हणून कथा सुरेख आहे, पण मला ती नेहमी थोडी अडते. पलीकडे जे भुकेले उभे होते त्यांना त्या दिवशी काय मिळालं, हे कथा सांगत नाही. बेटांवरच्या लोकांनी ही त्रुटी आपल्या परीने भरून काढलेली दिसते. त्यांचा पाव शेवटपर्यंत पावच राहतो.

आता आपल्या ओट्याकडे वळू. अर्धा किलो मैदा, शंभर ग्रॅम साखर, पंचाहत्तर ग्रॅम मऊ लोणी, दोन अंडी, दोनशे मिलिलिटर कोमट दूध, आठ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, दीड चमचा मीठ आणि एका लिंबाची साल. आपल्या कागदी लिंबाची साल पातळ असते, ती हलक्या हाताने किसावी. खालचा पांढरा भाग आला की पाव कडवट होतो. दूध एकदा उकळून मग कोमट केलेलं असावं. लोणी मात्र सगळ्यात शेवटी घालायचं. पीठ मळताना मैद्यातल्या प्रथिनांची जाळी तयार होते आणि यीस्टने सोडलेला वायू तीच धरून ठेवते. स्निग्धांश आधीच घातला तर तो प्रथिनांच्या धाग्यांना लपेटून बसतो, मग जाळी विणायला फार वेळ लागतो. आपल्या बाजारातल्या साध्या मैद्यात ही प्रथिनं परदेशी ब्रेडच्या पिठापेक्षा सहसा कमी असतात. ती उणीव हातांनी भरून काढावी लागते: वीस मिनिटं, न थांबता.

पहिली दहा मिनिटं हे पीठ हातांना, ओट्याला, परातीला चिकटत राहतं. इथे बहुतेकजण घाबरून वरून कोरडा मैदा भुरभुरवतात आणि पाव दगड होतो. वरचा मैदा नको. पीठ दुमडत, ताणत, आपटत राहावं. मग ते एकाएकी ओटा सोडतं आणि हाताला रेशमी लागायला लागतं. त्यातला लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांनी हळूहळू ताणून पाहावा. न फाटता इतका पातळ झाला की पलीकडचा उजेड दिसतो, तर मळणं पुरे. चपातीची कणीक भिजवणाऱ्या हातांना हे कौशल्य नवं नाही. नवी आहे ती एवढा वेळ देण्याची गोष्ट.

मग झाकून ठेवणं. अझोर्सच्या जुन्या पिढीतल्या बायका पिठावर बोटाने क्रूस काढत, ते फुगावं म्हणून संतांची नावं घेत आणि भांडं चक्क ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवत. अमेरिकेत गेलेल्या पोर्तुगीज कुटुंबांतही आजीचं हे ब्लँकेट आठवणीने सांगितलं जातं. थंडीत विरजणाचं भांडं जुन्या शालीत गुंडाळणाऱ्या आपल्या घरांना यात नवल वाटू नये.

हे पीठ फुगायला साध्या पावापेक्षा फार वेळ घेतं. कारण साखरच. चिमूटभर साखर यीस्टला खाऊ होते, पण मैद्याच्या वीस टक्के साखर झाली की ती पाणी स्वतःकडे ओढून घेते आणि यीस्टच्या पेशी कोरड्या पडू लागतात. त्या मरत नाहीत, सुस्तावतात. साधं पीठ तासाभरात दुप्पट होत असेल तर याला दोन ते अडीच तास, डिसेंबरात त्याहूनही जास्त. सकाळच्या चिंतनिकेला याहून सोयीचा दृष्टान्त मिळणार नाही, हे मलाही कळतं. गोडव्याला धीर लागतो वगैरे. तो मोह आवरतो. पिठाला आपल्या स्वभावाशी काही देणंघेणं नसतं, त्याला पाणी कमी पडलेलं असतं एवढंच.

रात्री दुप्पट झालेल्या पिठाचे सोळा गोळे करून, लोणी लावलेल्या ट्रेमध्ये जरासं अंतर ठेवून मांडावेत आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवावेत. पहाटे बाहेर काढले की दीड-दोन तासांत ते फुगून एकमेकांना टेकतात. वरून फेटलेल्या अंड्याचा हात फिरवायचा आणि 175 अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटं भाजायचं. साखर आणि दुधामुळे रंग लवकर चढतो; घरच्या ओटीजीत तर वरची कॉइल जवळ असल्याने दहाव्या मिनिटालाच पाव तपकिरी दिसतात आणि आत कच्चे असतात. तेव्हा वर फॉइल टाकावी आणि वेळ पुरा होऊ द्यावा. खालची बाजू सोनेरी झाली की झाले. एकमेकांना चिकटून भाजले गेल्यामुळे त्यांच्या कडा मऊ राहतात.

घरच्या ओव्हनचा ट्रे सोळांवर संपतो. हवाईतल्या भट्ट्यांचं तसं नव्हतं. 30 सप्टेंबर 1878 रोजी ‘प्रिसिला’ नावाचं जहाज मदेरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर घेऊन होनोलुलूला लागलं. पुढे अझोर्सहूनही कुटुंबंच्या कुटुंबं आली. त्यांना बोलावलं होतं उसाच्या मळ्यांसाठी. मदेरावर पंधराव्या शतकापासून ऊस पिकत होता, तेव्हा हे काम त्यांच्या हातातलं. मळ्यांवरच्या वस्तीत त्यांनी अंगणात दगडाच्या, घुमटासारख्या भट्ट्या बांधल्या. भट्टी एकदा लाकडं जाळून तापवली की ती एका घराच्या पावांसाठी वाया घालवणं परवडत नाही. शेजारी जपानी, चिनी, पुढे फिलिपिनो मजूर. भट्टी उघडली की वास वस्तीभर, आणि पाव वासामागोमाग. कोना भागातल्या केआलाकेकुआला तिथली इतिहास संस्था अशाच दगडी भट्टीत पोर्तुगीज पाव भाजण्याची परंपरा आजही चालवते. जन्मभर साखर पिकवून ती दुसऱ्यांच्या बोटींत भरणाऱ्या माणसांच्या स्वतःच्या ताटात ती साखर या पावातून यायची, तीही सणावारी.

हा पाव वस्तीत कसा मिसळला याचा पुरावा पुढच्या पिढीत मिळतो. 1950 साली हिलो गावात रॉबर्ट तायरा या तरुणाने बेकरी काढली. तो ओकिनावाहून आलेल्या जपानी कुटुंबातला. पोर्तुगीज गोड पाव गार झाला की कडक होतो, हे त्याला खटकत होतं. त्याने कृती बदलत बदलत तो बराच काळ मऊ राहील असा केला. 1963 मध्ये बेकरी होनोलुलूच्या किंग स्ट्रीटवर आली, तिचं नाव किंग्ज बेकरी झालं, आणि 1977 मध्ये कॅलिफोर्नियात कारखाना उभा राहिला. आज अमेरिकेतल्या मराठी घरांत नारिंगी पाकिटातले ‘हवाइयन रोल’ आणून त्यांत बटाटावडा घालतात, तो हाच पाव. वडापावासाठी तो मला जरा जास्तच गोड वाटतो. शिवाय पाकिटातला पाव थांबू शकतो. आज दोन, परवा दोन, उरलेले फ्रीजरमध्ये. कुणाचं दार वाजवायची गरजच उरत नाही.

आपल्याकडेही पोर्तुगीजांचं पीठ आलं, पण वेगळ्या अंगाने. गोव्यात त्याला यीस्टच्या जागी माडाची सूर मिळाली आणि पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, टोपलीत उंडे, पोळी, कांकण असे रोजचे पाव आले. सणाचा गोडवा तिथे बराचसा नारळ आणि गुळाकडे राहिला. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल 1534 ते 1739 होता. वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी घेतला, पण चुलीपर्यंत काही ती लढाई पोचली नाही. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नाला ‘फुगे’ आजही लागतात: मैदा, अंडी, थोडी साखर, नारळाचं दूध, आंबवलेलं सैल पीठ. मुठीत धरून अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा दाबून काढायचा आणि गरम तेलात सोडायचा. ओव्हन नाही, लोणी नाही, तरी हा अझोर्सच्या पावाचा लांबचा भाऊ आहे असं मला चवीवरून वाटतं. आणि एका बाबतीत तर सख्खाच: फुगे घरापुरते कुणी करत नाही. लग्नघरी आळीतल्या बायका कढईभोवती बसतात आणि फुग्यांची परातीवर परात भरते.

तर ओट्यावरचे सोळा पाव. यात टिकाऊपणासाठी काही घातलेलं नाही, त्यामुळे संध्याकाळपर्यंत हे मऊ असतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोरडे पडू लागतात. दुधात बुडवून किंवा तव्यावर लोण्यात भाजून ते खाता येतात, छान लागतात, पण ती दुसरी गोष्ट झाली. द्यायचे असतील तर आजच, आणि शक्यतो कोमट असताना. करून पाहणार असाल तर रविवार निवडा, म्हणजे शेजारी घरी सापडतील. सहा पाव घरात ठेवा, बाकीचे दहा तीन घरांत जातात: वरच्या मजल्यावरचे आजी-आजोबा, समोरचं बिऱ्हाड आणि रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमन काका. अंडी न घालताही असा पाव होतो, मऊही होतो, पण तो मासा सोवाडा नव्हे. रंग आणि चव दोन्ही अंड्यांची असते. म्हणून ताटली पुढे करण्याआधी एवढं स्पष्ट सांगा, की यात अंडं आहे.