साथीचे आसन

एखाद्या कलावंताने पन्नास वर्षे कलेची सेवा केली म्हणजे आपण त्याचा सत्कार करतो, त्याच्या खांद्यावर शाल घालतो आणि वर्षे मोजून दाखवतो. परंतु वर्षे काय, देवळाच्या पायरीलाही लाभतात. दीर्घ कारकीर्द हा माणसाचा गुण मानायचा की त्याच्या नशिबाचा भाग, याचा विचार सत्काराच्या गर्दीत राहूनच जातो.

गोविंदराव टेंबे (1881–1955) यांचे आयुष्य पाहताना हा प्रश्न मला पुनःपुन्हा पडतो. कोल्हापूरचा हा माणूस मुळात पेटीवाला. भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याला साथ करणारा. 1911 साली खाडिलकरांच्या 'मानापमाना'ला त्यांनी चाली दिल्या आणि ठुमरी-कजरीचा पूरबी रंग मराठी नाट्यपदांत उतरला. 1913 साली बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्याबरोबर ते गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले. पुढे ती भागीदारी सोडून त्यांनी स्वतःची मंडळी काढली. मग बोलपट आला. 1932 साली प्रभात कंपनीने कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' काढला, तेव्हा त्याचे संगीत टेंब्यांचे आणि दुर्गा खोटे यांच्या तारामतीसमोर हरिश्चंद्रही टेंबेच. पार्श्वगायन अजून यायचे होते. ज्याने अभिनय करायचा त्यानेच कॅमेऱ्यापुढे गायचे. पन्नाशीला आलेल्या माणसाने हे सारे नव्याने शिकून घेतले.

मैफल, नाटक, बोलपट. इतकी घरे बदलणाऱ्याला चंचल म्हणावे काय? माणसाची निष्ठा कशाशी आहे, यावर ते अवलंबून आहे. ती वाद्याशी म्हणावी, तर पेटी मुळात फ्रान्सकडची. तिचे सूर ठरलेले, मींड तिच्यातून निघत नाही. याच कारणासाठी 1940 साली रेडिओने तिला बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत उठली नाही. आक्षेप अगदीच खोटा नव्हता. तरीही टेंब्यांनी त्याच अपुऱ्या वाद्यावर नाव मिळवले.

मला वाटते, त्यांची निष्ठा साथीशी होती. साथ करणाऱ्याचा पहिला धर्म ऐकण्याचा. गवई पुढे कोणते वळण घेईल हे त्याला ठाऊक नसते. त्याने मागोमाग जायचे, पुढे धावायचे नाही. रिकामी जागा भरायची, पण गाणे झाकायचे नाही. ज्याच्या अंगी ही सवय मुरली, त्याला नव्या घरात पुन्हा धाकटे होऊन बसण्याची लाज वाटत नाही. दीर्घ कारकिर्दीतला माणसाचा स्वतःचा वाटा असेल, तर तो एवढाच.

इथवर आलो, की उपदेश करण्याचा मोह होतो. मी चिंचवडला शिकवतो. माझ्या वर्गातली निम्मी मुले कारखान्यांतल्या कामगारांची. आमच्या आकुर्डीत एके काळी चेतक स्कूटर बने. 2009 साली कंपनीने स्कूटर बनवणे थांबवण्याचे जाहीर केले. 2020 साली विजेवर चालणारी चेतक चाकणहून बाजारात आली. नाव तेच, पण आतले पेट्रोलचे इंजिन गेले. या पट्ट्यात दर दहा-पंधरा वर्षांनी असे काही होते, आणि दर वेळी कुणीतरी व्याख्यान देते: बदला, नवे शिका.

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील टर्नर होते. बावीस वर्षे लेथवर काढलेली. त्यांच्या कारखान्यात सी.एन.सी. यंत्रे आली, तेव्हा त्यांनाही हेच सांगितले गेले. शिकवायला मात्र कोणी आले नाही. नव्या यंत्रावर आयटीआयची ताजी मुले उभी राहिली आणि हे गृहस्थ आधी गोदामात व नंतर घरी गेले. हात अजून केसाइतका फरक बोटांनी ओळखतो. त्यांना टेंब्यांची गोष्ट सांगणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

कारण त्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आपण गाळतो. टेंबे बदलले हे खरे, पण पन्नाशीच्या पेटीवाल्याला प्रभातने बोलावले हेही तितकेच खरे. नव्या घरात त्यांच्यासाठी कुणीतरी आसन मांडून ठेवले होते. ते नसते, तर ऐकण्याची सारी तयारी घेऊन ते दारातच उभे राहिले असते, आणि आपण म्हटले असते की हा जुना माणूस, याला नवे जमले नाही.

म्हणून कुणाच्या दीर्घ कारकिर्दीचा गौरव करताना आपण दोन गोष्टी विचारल्या पाहिजेत. या माणसाने किती वेळा पुन्हा धाकटे होणे पत्करले? आणि त्या प्रत्येक वेळी त्याला बसायला जागा कोणी दिली? पहिल्याचे उत्तर त्या माणसाने द्यायचे. दुसऱ्याचे उत्तर तुम्ही-आम्ही द्यायचे आहे, आणि तो टर्नर अजून त्याची वाट पाहत आहे.