चहाचा भाव

१९४५ साली जॉर्ज स्टिगलर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने एक घरगुती वाटणारा प्रश्न घेतला. सत्तर किलो वजनाच्या माणसाला प्रथिनं, कॅल्शियम, जीवनसत्त्वं वगैरे धरून ९ गोष्टी पुरेशा मिळायला हव्यात, बाजारात ७७ पदार्थ आहेत. तर वर्षभराचं सगळ्यात स्वस्त जेवण कोणतं? नेमकं उत्तर काढायची रीत तेव्हा त्याच्यापाशी नव्हती. अंदाजाने चाचपडत तो १९३९च्या भावाने ३९.९३ डॉलरपर्यंत आला. ताटात गव्हाचं पीठ, डब्यातलं आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि सुका घेवडा. बस्स.

१९४७ साली जॉर्ज डँट्झिगने असं नेमकं उत्तर काढायची रीत, सिम्प्लेक्स पद्धत, शोधली आणि तिची परीक्षा याच प्रश्नावर झाली. हाताने चालवायची गणनयंत्रं घेऊन ९ कारकून बसले, १२० मनुष्यदिवस खपले, उत्तर आलं ३९.६९. वर्षाकाठी २४ सेंटची बचत! ऑपरेशन्स रिसर्च हा अशा प्रश्नांचा विषय शिकायला लागलो तेव्हा मला यात गणिताची फजिती दिसली होती. पण स्टिगलरचा अंदाज इतका नेमका होता, हे कळायलाही गणितच लागलं. याहून स्वस्त होणंच शक्य नाही, असं अंदाजाला कधी म्हणता येत नाही.

खरी फजिती पुढे झाली. डँट्झिगला वजन उतरवायचं होतं. त्याने उद्दिष्ट बदललं: पोट भरल्यासारखं वाटलं पाहिजे, म्हणजे पाणी वगळून अन्नाचं वजन जास्तीत जास्त हवं. संगणकाने शेकडो गॅलन व्हिनेगर प्यायला सांगितलं, कारण तक्त्यात व्हिनेगरमधलं पाणी शून्य धरलं होतं. व्हिनेगर काढून टाकलं, तर रोज २०० सूपच्या वड्या निघाल्या. मिठाला वरची मर्यादा घालायची राहिली होती. शेवटी आहार त्याच्या बायकोने ठरवला.

पुढची प्रगती वेगाची. सिम्प्लेक्स अटींनी आखलेल्या आकृतीच्या कडेने, कोपऱ्याकोपऱ्याने चालते. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या नरेंद्र करमरकरांनी १९८४ साली आतून जाणारी वाट दाखवली. पण वाट कुठलीही घ्या, मीठ लिहायचं राहिलं तर वड्या निघणारच, फक्त लवकर.

मी स्वतः एका रविवारी घरची किराणा यादी एक्सेलमधल्या सॉल्व्हरला, म्हणजे असेच प्रश्न सोडवणाऱ्या साधनाला, घातली. उत्तर आलं: ज्वारी, सोयाबीन, पालक, थोडं तेल. आईने कागद उलटसुलट करून पाहिला. "चहा कुठंय?"

मग दोन कप चहाची अट घातली. आमच्या या दोन कपांना दूधसाखरेसकट १९ रुपये पडतात. रोजचा खर्च मात्र १५ रुपयांनीच वाढला, कारण चहातल्या दुधामुळे सोयाबीन थोडं कमी लागलं. अट कसली की एकूण खर्च किती हलतो, त्याला पुस्तकात शॅडो प्राइस म्हणतात. आधीच सैल असलेल्या अटीची ही किंमत शून्य. शिकत असताना हा भाग मी परीक्षेपुरता वाचला होता. आता सॉल्व्हर चालला की मी आधी तिकडेच बघतो, उत्तर नंतर. कुठली अट खरोखर महाग पडते, आणि कुठल्या अटीवर आपण उगाच हुज्जत घालतो, ते तिथे रुपयांत दिसतं.

आईला १५चा आकडा पटला. कागद परत देताना तिने विचारलं, "आणि पाहुणे आले तर?"

पाहुण्यांचा रकाना मी अजून केलेला नाही.