कमावलेला दंड

मराठीत पैसा कमावतात, नाव कमावतात आणि शरीरही कमावतात. एखाद्या तरुणाचे भरदार दंड पाहिले की 'काय शरीर कमावले आहे!' असा उद्गार आपल्या तोंडून निघतो. 'शरीर वाढले आहे' असे मात्र आपण ज्याचे पोट सुटले आहे त्याच्याविषयीच म्हणतो. वाढ आणि कमाई ह्यांत भाषेने केलेला हा भेद विचार करण्यासारखा आहे. कमाई म्हटली म्हणजे ती कोणी केली, कोणाच्या जिवावर केली आणि ती कशात खर्चावयाची, हे प्रश्न ओघानेच येतात. द्रव्याच्या बाबतीत हे प्रश्न आपण पूर्वापार विचारीत आलो आहोत. दंडाच्या बाबतीत ते विचारण्याचा प्रसंग आम्हांवर नुकताच आला, तो असा.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ गणिताचे अध्यापक आहेत. त्यांचा मुलगा अठरा वर्षांचा. तो पहाटे पाचला उठून व्यायामशाळेत वजने उचलावयास जातो. कोणत्या दिवशी किती वजन किती वेळा उचलले ह्याची नोंद, अभ्यासात कधी न दाखविलेल्या चिकाटीने, एका वहीत ठेवतो. आणि दर रविवारी शिंप्याची फीत दंडाभोवती गुंडाळून पाव इंचाच्या वाढीसाठी श्वास रोखून पाहतो. "ह्या दंडांचा उपयोग काय? हा काय पुढे ओझी वाहणार आहे?" असे त्या गृहस्थांनी आम्हांस विचारले, आणि आम्ही दोघेही हसलो. इतक्यात दारावर थाप पडली. भरलेले गॅसचे सिलिंडर, म्हणजे सुमारे तीस किलोंचे ओझे, खांद्यावर घेऊन एक पन्नाशीचा कृश मनुष्य तीन जिने चढून आला होता. मुलाने दार उघडले, अदबीने बाजूला होऊन त्यास वाट दिली आणि तो पुन्हा आपल्या वहीकडे वळला. मुलाच्या वागण्यात उद्धटपणा मुळीच नव्हता. परंतु आमचे हसू तेथेच मावळले, आणि घरी परतताना त्या गृहस्थांचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, असे आमच्या ध्यानी आले.

शरीर कमावण्यावर पहिला आक्षेप घेण्यात येतो तो हा की, हा केवळ दिखाऊपणा आहे. हा आक्षेप आम्हांस फारसा बळकट वाटत नाही. सौंदर्याची इच्छा हा दोष मानला, तर चांगले अक्षर काढणाऱ्यापासून अंगणात रांगोळी घालणाऱ्या गृहिणीपर्यंत सगळ्यांनाच दोषी ठरवावे लागेल. शरीरसौष्ठवाच्या आधुनिक हौसेचा मूळपुरुष जो यूजेन सँडो, त्याने १९०१ साली लंडनच्या रॉयल आल्बर्ट हॉलमध्ये मोठी स्पर्धा भरविली, तेव्हा परीक्षक म्हणून एक शिल्पकार आणि आर्थर कॉनन डॉइल हे कादंबरीकार त्याच्याबरोबर बसले होते. केवळ मोठा स्नायू पाहावयाचा नसून सर्व अंगांचा समतोल, कांती आणि आरोग्यही पाहावयाचे, असा त्या स्पर्धेचा दंडक होता. हाच सँडो १९०४-०५ साली हिंदुस्थानात येऊन गेला. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनीही सूर्यनमस्कारांचा पुरस्कार करण्यापूर्वी काही वर्षे सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला होता. सुंदर शरीराची आवड ही हलक्या मनाची खूण आहे, असे ह्या इतिहासावरून तरी दिसत नाही.

दुसरा आक्षेप आमच्या वर्गाला विशेष प्रिय आहे. तो म्हणजे बुद्धीच्या मानाने बळ हे गौण होय. पण ह्या बाबतीत आपले पूर्वज आपल्याहून अधिक मोकळ्या मनाचे होते. छांदोग्य उपनिषदात सनत्कुमार नारदाला एकाहून एक श्रेष्ठ अशा गोष्टी सांगत जातो, तेथे तो विज्ञानाच्याही वर बळाला बसवितो. एक बलवान शंभर विद्वानांना कापावयास लावतो, असे स्पष्ट म्हणतो. मात्र त्याने पुढे जे सांगितले आहे ते अधिक महत्त्वाचे आहे. बळ आले की मनुष्य उठतो. उठला की सेवा करतो. सेवा करता करता गुरूच्या जवळ जातो. आणि मग पाहतो, ऐकतो, विचार करतो व जाणतो. बळाचा पहिला उपयोग उठणे आणि दुसरा सेवा करणे, ही त्याची मांडणी. शिवाय बळाला तेथेच सोडून तो पुढे अन्नाकडे वळतो आणि अन्न बळाहून श्रेष्ठ ठरवितो. हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

आता दंड वाढतो म्हणजे प्रत्यक्ष काय होते ते पाहू. मोठ्या माणसाच्या दंडातील स्नायूंचे तंतू संख्येने फारसे वाढत नाहीत. आहेत तेच जाड होतात. त्यासाठी तंतूंवर सवयीपेक्षा अधिक ताण पडावा लागतो, आणि अंगवळणी पडेल तसतसा तो वाढवावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात टॉमस डिलॉर्म ह्या अमेरिकन लष्करी डॉक्टराने जखमी सैनिकांचे क्षीण झालेले स्नायू ह्याच पद्धतीने, क्रमाक्रमाने वजन वाढवीत, पुन्हा सशक्त केले आणि १९४५ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. पण वजन उचलताना स्नायू वाढत नाही. त्या वेळी त्याला केवळ वाढीची सूचना मिळते. वाढ होते ती नंतर, विश्रांतीच्या काळात, आणि तीही पोटात पुरेसे प्रथिनयुक्त अन्न असेल तरच. म्हणजे श्रम, अन्न आणि विश्रांती ह्या तिघांच्या भागीदारीतून दंड तयार होतो.

ही गोष्ट कळल्यावर तो सिलिंडर वाहणारा मनुष्य आमच्या डोळ्यांपुढून हालेना. त्याचे ओझे त्या मुलाच्या ओझ्याहून कमी नव्हते. श्रमही कमी नव्हते. मग त्याचे दंड कृश का, आणि मुलाचे भरदार का? मुलगा मंगळवारी दंडाला श्रम देतो आणि बुधवारी, गुरुवारी त्याला विसावा देतो. हमालाला बुधवार आणि गुरुवार हे मंगळवारासारखेच असतात. मुलगा घरी येतो तेव्हा अंडी उकडून ठेवलेली असतात, दूध तापलेले असते. हमालाच्या ताटात काय पडेल ते त्या दिवसाच्या खेपांवर अवलंबून. मुलाने स्वतःचे म्हणून जे घातले ते फक्त श्रम, आणि तेवढे तर दोघांचेही सारखेच आहेत. फरक पडला तो अन्नाने आणि विश्रांतीने. आणि ह्या दोन्ही गोष्टी मुलाला आईने, बापाने, स्वयंपाकघराने आणि त्याच्या वाटची कामे करणाऱ्या अनेक हातांनी दिल्या. ज्याला आपण कमावलेला दंड म्हणतो त्यात खरी कमाई एक हिस्सा आहे. उरलेले दोन हिस्से ऋण आहे. सनत्कुमाराने अन्नाला बळाच्या वर का बसविले, ह्याचा एक अर्थ आम्हांस येथे लागला.

ह्यावर कोणी म्हणेल की, अन्न आणि विश्रांती तर घरोघरच्या लाखो मुलांना मिळते. पहाटे पाचला उठण्याचा निग्रह ह्याचा स्वतःचा नव्हे काय? तो आहे, आणि त्याचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. परंतु ते श्रेय निग्रहाचे आहे, आकाराचे नव्हे. १९९६ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात दहा आठवडे पुरुषी संप्रेरकाची मोठी मात्रा टोचलेल्या काही माणसांनी मुळीच व्यायाम केला नाही. तरीही त्यांचे स्नायू वाढले, आणि औषधावाचून घाम गाळणाऱ्यांपेक्षाही अधिक वाढले. मोठा दंड हाच सद्गुणाचा पुरावा मानावयाचा, तर स्वस्थ बसून टोचून घेणारा मनुष्य अधिक सद्गुणी ठरेल! व्यायामशाळांतून चोरूनमारून विकल्या जाणाऱ्या असल्या औषधांनी हृदय आणि यकृत बिघडते, शरीराची स्वतःची संप्रेरके आटतात, हे डॉक्टर सांगतातच. आमचा मुद्दा त्याहून निराळा आहे. ज्याने फितीवरील आकड्यालाच साध्य मानले, त्याला औषध न घेण्याचे भीतीखेरीज दुसरे कारण उरत नाही. आणि अठराव्या वर्षी भीती फार काळ टिकत नाही.

शिवाय हा आकडा तृप्त होणारा नव्हे. एका अमेरिकन मानसरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली मुलांच्या खेळण्यांतील सैनिकांची मोजमापे घेतली. १९६४ च्या बाहुल्याला खऱ्या माणसाची उंची दिली तर त्याचा दंड सुमारे बारा इंचांचा भरला. पण १९९० नंतरच्या एका बाहुल्याचा जवळजवळ सत्तावीस इंचांचा! आज चित्रपट आणि फोनच्या पडद्यावरील चित्रे तेच काम करतात. चांगले पिळदार शरीर असूनही आपण काडीसारखे आहोत, अशा समजुतीने झुरणारे तरुण आज डॉक्टरांकडे येतात, आणि त्या विकाराला वैद्यकात स्वतंत्र नाव मिळाले आहे. धनलोभ्याची कथा आणि ही कथा एकच आहे. ज्या कमाईला खर्चाचा उद्देश नाही तिला पुरेसे असे काही नसतेच.

मग हे धन खर्चावे कशात? येथे दंड आणि द्रव्य ह्यांत एक मोठा भेद आहे. द्रव्य साठविता येते, मुलाबाळांसाठी ठेवता येते. स्नायू वापरावाचून राहिला की आटतो, आणि तो कोणाच्या नावे करून देता येत नाही. त्याचा कंजूसपणा करण्यात अर्थच नाही. तो खर्चला तरच राहतो. आणि खर्चाचा क्रम सनत्कुमाराने सांगून ठेवला आहे: प्रथम उठणे, मग सेवा करणे.

उठणे ही गोष्ट तरुणांना क्षुल्लक वाटेल. १९९० साली अमेरिकेतील एका शुश्रूषागृहात नव्वदीच्या दहा वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजने उचलण्याचा व्यायाम दिला गेला. नऊ जणांनी तो पुरा केला, आणि त्यांच्या पायांची शक्ती सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढली. जो नियम मांडीचा तोच दंडाचा. खुर्चीचे हात दाबून उठताना जो स्नायू कोपर सरळ करतो तो दंडाच्या पाठीमागे असतो. दंडाच्या घेराचा मोठा भाग त्याचाच. मुले आरशापुढे उभी राहून पुढच्या स्नायूची बेटकुळी काढतात. म्हातारपणी माणसाला उठवून उभे करणारा स्नायू मात्र आरशात दिसत नाही. त्या दृष्टीने पाहिले तर घरातील डंबेल्सची खरी गरज नातवापेक्षा आजीला अधिक आहे.

काही दिवसांनी ते गृहस्थ आम्हांस पुन्हा भेटले. "मुलाला व्यायामशाळेत जाऊ देऊ की नको?" असे त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, जरूर जाऊ द्या, आणि दिखाऊपणाबद्दल त्याला बोलू नका. पण हिशेब शिकवा, तुम्ही तर गणिताचे अध्यापक आहात. त्याच्या वहीत श्रमाचे आकडे आहेत. त्यांच्याशेजारी अंडी कोणी उकडली आणि त्याच्या विश्रांतीच्या वेळी घरचे पाणी कोणी भरले, तेही लिहावयास सांगा. सिलिंडर येईल तेव्हा दार उघडून बाजूला न होता त्याने तीन जिने खाली उतरावे. आणि आठवड्यातून दोन दिवस आजीला खुर्चीतून दहा वेळा उठवावे, क्रमाक्रमाने, तिच्या ताकदीच्या मानाने.

गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हा हिशेब मलाही लागू आहे. ते सिलिंडर वर येत होते तेव्हा खुर्चीत मीही बसलेला होतो." आम्हीही त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत होतो, हे त्यांनी सौजन्याने सांगितले नाही, म्हणून येथे आम्ही ते लिहीत आहोत.